थॅलेसेमिया, वाहक आई-वडील आणि ‘हे कुणाकडून आले’ हा प्रश्न

केपेकर

सर्व सभासदांना नमस्कार. माझ्या चुलतभावाच्या दीड वर्षाच्या मुलाला बीटा थॅलेसेमिया मेजर हा रक्ताचा आनुवंशिक आजार असल्याचे गेल्या महिन्यात निश्चित झाले. बाळ फिकट पडू लागले, दूध घेईना, पोट फुगलेले दिसू लागले. सुरुवातीला साधा पंडुरोग समजून लोहाचे औषध दिले गेले आणि पुढे गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) सविस्तर तपासणी झाल्यावर खरे निदान झाले. आता दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागणार आहे.

आजाराचे दुःख आहेच, परंतु घरातील बोलण्याचा त्रास त्याहून अधिक होतो आहे. “आमच्या घराण्यात चार पिढ्यांत असले काही नव्हते, हे हिच्या माहेरून आले,” असे वडीलधारी माणसे बाळाच्या आईला ऐकवीत असतात. वहिनी मुकाट्याने ऐकून घेते आणि मला ते पाहवत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आम्ही सगळे मूळ घरी जमणार आहोत आणि तेव्हा हा विषय निघाल्याशिवाय राहणार नाही. त्यापूर्वी मला हे सारे नीट समजून घ्यायचे आहे. आई-वडील दोघेही धडधाकट असताना मुलाला एवढा गंभीर आजार कसा होतो? मागील पिढ्यांत तो का दिसला नाही? पुढच्या मुलाचे काय? आणि माझे स्वतःचे लग्न पुढील वर्षी करण्याचे घरात चालले आहे, तर मी काय करावे?

विज्ञानवाट

केपेकर, सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधी सांगतो, म्हणजे ती घरी आजच सांगता येईल. बीटा थॅलेसेमिया मेजर हा आजार एकट्या आईकडून येत नाही आणि एकट्या वडिलांकडूनही येत नाही. त्यासाठी दोघांकडून एकेक सदोष जनुक यावे लागते. बाळाला हा आजार आहे याचाच अर्थ तुमचा चुलतभाऊ आणि वहिनी हे दोघेही वाहक आहेत, म्हणजे दोघांकडेही एकेक सदोष जनुक आहे, पण स्वतःला आजार नाही. बाळाच्या चारही आजी-आजोबांचे रक्त तपासले, तर दोन्ही घराण्यांत किमान एकेक वाहक सापडेल, अशी जवळजवळ खात्री बाळगण्यास हरकत नाही. ‘आमच्या घराण्यात नव्हते’ हे विधान आजाराबाबत खरे असेल, जनुकाबाबत ते खरे नाही.

मी फोंड्याच्या बाजूला उच्च माध्यमिक वर्गांना बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे थोडे मुळापासून मांडतो. आपल्या शरीरातील बहुतेक पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या, म्हणजे एकूण ४६ गुणसूत्रे असतात. (ही संख्या १९५६ साली नक्की झाली, त्यापूर्वी कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत ४८ असेच छापले जात होते.) प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून व एक वडिलांकडून येते. पहिल्या २२ जोड्या स्त्री-पुरुषांत सारख्याच असतात आणि तेविसावी जोडी लिंग ठरवते. गुणसूत्रांवर जनुके असतात. प्रथिने घडवण्याची सूचना देणारी अशी जनुके माणसात सुमारे २०,००० आहेत आणि लिंग-गुणसूत्रांवरील जनुके वगळली, तर प्रत्येकाच्या सामान्यतः दोन प्रती आपल्याकडे असतात.

रक्तातील प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन हे प्रौढ माणसात मुख्यतः दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्यांचे बनलेले असते. बीटा साखळीचे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. जमिनीच्या विक्रीखताच्या दोन प्रती घरात असाव्यात आणि त्यांतील एक वाळवीने खाल्ली तरी दुसरीवर काम भागावे, तसे वाहकाचे असते: एक प्रत बिघडलेली असली तरी दुसऱ्या प्रतीवरून पुरेशी बीटा साखळी तयार होते आणि माणूस शेतात, कचेरीत, समुद्रावर आपले काम करून सुखाने म्हातारा होतो. त्याला आपण वाहक आहोत हे आयुष्यभर कळत नाही. दोन वाहकांचे लग्न झाले आणि मुलाच्या वाट्याला दोन्हीकडची बिघडलेली प्रत आली, म्हणजे मात्र बीटा साखळी तयारच होत नाही किंवा अगदीच अपुरी होते. जन्मतः हे दिसत नाही, कारण गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन निराळे असते. ते कमी होत जाते तसतशी साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात लक्षणे उघड होतात. तुमच्या पुतण्याचे नेमके हेच झाले.

चार पिढ्यांत आजार का दिसला नाही, याचेही उत्तर यातच आहे. वाहकाचे लग्न वाहक नसलेल्या व्यक्तीशी होत राहिले, तर जनुक मुलांपैकी साधारण निम्म्यांना मिळत पुढे सरकते, पण आजारी मूल एकही जन्मत नाही. शिवाय पूर्वी घरोघरी एखाद-दुसरे मूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ‘ताप येऊन’ किंवा ‘रोडावून’ जात असे. त्यांपैकी कोण कशाने गेले, हे कुणी तपासले होते?

सांगेवासी

विज्ञानवाट सर, दोन्ही पालक वाहक असल्यास चार मुलांपैकी एकाला आजार होतो, असे वाचले होते. म्हणजे यांच्या घरी पहिल्याला झाला, तर पुढची तीन मुले सुरक्षित समजायची का? दुसरा प्रश्न. हे जनुक एवढे घातक असेल, तर ते आपोआप नाहीसे का होत नाही?

विज्ञानवाट

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते घरातील प्रत्येकाला समजले पाहिजे, कारण या गैरसमजातून दुसरे आजारी मूल जन्माला येते. चारात एक ही शक्यता प्रत्येक गर्भारपणाला नव्याने लागू होते. प्रत्येक वेळी मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, आई-वडिलांसारखे वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही प्रती निरोगी असण्याची २५ टक्के असते. आधीच्या मुलाला काय झाले, याची नोंद निसर्ग ठेवत नाही. लागोपाठ दोन मुले आजारी असलेली कुटुंबे आहेत आणि दोघे वाहक असूनही सगळी मुले निरोगी असलेलीही आहेत.

दुसरा प्रश्न मला फार आवडला. १९४९ साली जे. बी. एस. हॉल्डेन या शास्त्रज्ञांनी असे सुचवले की थॅलेसेमियाच्या वाहकांना मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळत असावे. (हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले.) पुढे १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी सिकल सेलच्या (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या करणाऱ्या, हिमोग्लोबिनच्याच आनुवंशिक दोषाच्या) बाबतीत असे संरक्षण पूर्व आफ्रिकेतील पाहण्यांतून दाखवून दिले. म्हणजे जिथे मलेरियाने माणसे मरत होती, तिथे वाहक अधिक तगले, त्यांना अधिक मुले झाली आणि जनुक टिकले. भूमध्य समुद्राच्या काठापासून आग्नेय आशियापर्यंतच्या पट्ट्यात ते म्हणूनच आढळते आणि आपला किनाराही त्याच पट्ट्यात येतो. ज्या साथींनी जुने गोवे ओस पाडले, त्यांत मलेरियाचा वाटा होता, हे आपल्याला ठाऊक आहे. हे जनुक अर्थातच त्या शहराहून कितीतरी जुने आहे. वाहकपण हा कुळाला लागलेला डाग आहे असे ज्यांना वाटते, त्यांना माझे एवढेच सांगणे आहे की कदाचित त्याच जनुकामुळे त्यांचा एखादा पूर्वज तापातून वाचला असेल.

म्हापसेकरीण

केपेकर, तुमच्या वहिनींविषयी वाचून मन कळवळले. माझ्या मुलाला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार, आहे. आमच्या बाबतीत जनुक खरोखरच माझ्याकडून गेले, म्हणून मला ‘दोघांचे मिळून आले’ असे म्हणण्याचा आधारही नव्हता. त्यामुळे या दुसऱ्या प्रकाराविषयी थोडे लिहिते.

हिमोफिलियाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीला दोन एक्स असतात, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा बहुतेक वेळा सांभाळून घेतो. पुरुषाला एकच एक्स असतो आणि तो नेहमी आईकडूनच येतो. म्हणून वाहक स्त्रीच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी असते आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही निम्मीच असते. हिमोफिलिया असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक होतात, मुलग्यांना मात्र त्याच्याकडून हा आजार जात नाही. रंगांधळेपणाचा नेहमीचा प्रकार आणि दुशेन हा स्नायू क्षीण होत जाण्याचा आजारही याच वाटेने जातात. त्यातच, हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या कुटुंबात पूर्वी कुणालाही तो नसतो, बदल नव्यानेच घडलेला असतो.

आईने जनुक दिले म्हणजे तिने काही केले, असे होत नाही. कोणते गुणसूत्र कोणत्या बीजांडात जाईल, हे तिच्या आचरणावर, आहारावर, ग्रहणात ती बाहेर पडली की नाही यावर यत्किंचितही अवलंबून नसते. हे मला समजावून सांगणारे माणूस फार उशिरा भेटले. तुमच्या वहिनींना तुम्ही वेळेवर भेटला आहात, तर सर्वांसमक्ष बोला.

रक्तपरीक्षक

मी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून तपासण्यांचे सांगतो. वाहक ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे साधी संपूर्ण रक्तगणना. वाहकाचे हिमोग्लोबिन थोडेसेच कमी किंवा अगदी सामान्य असते, परंतु लाल पेशी आकाराने लहान असतात आणि त्यांची संख्या मात्र बऱ्याचदा जास्त असते. अहवालात पेशींचा आकार एमसीव्ही या नावाखाली लिहिलेला असतो. तो ८० पेक्षा पुष्कळ कमी दिसला, तर पुढची तपासणी करावी. ही पुढची तपासणी म्हणजे एचपीएलसी. तिच्यात हिमोग्लोबिनचे निरनिराळे प्रकार वेगळे करून मोजले जातात आणि बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण सामान्यतः साडेतीन ते चार टक्क्यांच्या वर असते.

दोन ठिकाणी घोटाळा होतो. लोहाची कमतरता असली की पेशी तशाच लहान दिसतात, त्यामुळे वाहकाला ‘रक्त कमी आहे’ म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. लोहाची कमतरता सिद्ध झाली असेल तरच त्या घ्याव्यात. उलटपक्षी, वाहक व्यक्तीत लोहाची मोठी कमतरता असेल, तर ए-२ चे प्रमाण खाली येऊन अहवाल फसवा ठरू शकतो. म्हणून सीमेवरचा आकडा आला की फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) पाहून, लोहाची कमतरता भरून काढून, तपासणी पुन्हा करतात.

आणखी एक गोष्ट लग्न ठरवणाऱ्यांनी लक्षात घेतली पाहिजे. दोघांत एकच दोष असला तरच धोका, असे नाही. एकाकडे बीटा थॅलेसेमियाचे वाहकपण आणि दुसऱ्याकडे सिकल सेलचे किंवा हिमोग्लोबिन-ई चे (बीटा साखळीतील आणखी एका दोषाचे) वाहकपण असेल, तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. एचपीएलसीमध्ये हे तीनही दिसतात.

सांगेवासी

आमच्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल काही घरांत अजून आहे. सगोत्र विवाह मात्र कटाक्षाने टाळतात. गोत्र पाहिले की रक्ताचा प्रश्न मिटला, असे वडील मंडळी म्हणतात. हे कितपत बरोबर आहे?

विज्ञानवाट

गोत्र वडिलांच्या बाजूनेच चालते, जनुके मात्र दोन्ही बाजूंनी येतात. मामाच्या मुलीचे गोत्र निराळे असते, तरीही आते-मामे भावंडांत सरासरीने एक अष्टमांश जनुके समान पूर्वजांकडून आलेली असतात. कॅथलिक ख्रिस्ती समाजातही सख्ख्या चुलत-मावस भावंडांच्या विवाहाला चर्चची खास परवानगी लागते, ती दोन्ही बाजूंचे नाते धरून. सर्वसाधारण जोडप्याच्या मुलात जन्मजात गंभीर दोष असण्याची शक्यता अंदाजे दोन ते तीन टक्के मानली जाते आणि अशा जवळच्या नात्यात ती साधारण दुप्पट होते. म्हणजे बहुतेक मुले निरोगीच जन्मतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे. ज्यांची अशी लग्ने होऊन गेली आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये.

परंतु नात्यात लग्न केले नाही म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. आपल्याकडे शतकानुशतके जातीतच, बरेचदा ठरावीक देवस्थानांच्या महाजनांतच (देवस्थानाच्या हक्कदार घराण्यांतच) आणि ठरावीक गावांतच सोयरिकी झाल्या. २०१७ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूहांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या लोकसंख्येचा ठसा फिनलंडचे लोक किंवा अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यू यांच्यापेक्षाही ठळक आढळला. हे दोन समाज तर अशा आनुवंशिक आजारांची नेहमी दिली जाणारी उदाहरणे आहेत. परस्परांचे नाते आठवतही नसलेल्या दोन घरांत एकच बिघडलेली प्रत असू शकते, ती अशी. म्हणूनच माझे ठाम मत आहे की पत्रिका आणि गोत्र पाहायचे त्यांनी पाहावे, परंतु रक्ताचा अहवाल त्यांच्या आधी पाहावा.

दूधसागर

मग ही तपासणी कायद्यानेच सक्तीची का करू नये? गोव्यात विवाहाची नागरी नोंदणी सर्वांनाच करावी लागते आणि त्यासाठी काही दिवसांच्या अंतराने दोनदा सही करावी लागते. पहिली सही आणि दुसरी सही यांच्या मधल्या दिवसांत तपासणी सहज होईल.

तिसवाडीतील डॉक्टर

दूधसागर, सूचनेमागची तळमळ समजते, पण पहिल्या सहीपर्यंत सभागृह ठरलेले असते, पत्रिका छापलेल्या असतात आणि दोन्ही घरे बांधली गेलेली असतात. त्या टप्प्यावर कळलेली माहिती पेलायला फार कठीण जाते आणि लग्न मोडले तर बोल मुलीलाच लागतो. सायप्रसमध्ये साधारण सातांत एक माणूस वाहक आहे. तेथे चर्चने विवाहापूर्वी तपासणीचे प्रमाणपत्र मागण्यास सुरुवात केली. प्रमाणपत्रात तपासणी व समुपदेशन झाले एवढेच लिहिलेले असते, निकाल जोडप्यापुरताच राहतो. थॅलेसेमिया असलेल्या बालकांचे जन्म तेथे जवळजवळ थांबले आणि दोघे वाहक असलेल्या बहुतेक जोडप्यांनी तरीही लग्ने केली. उलट अमेरिकेत १९७० च्या सुमारास काही राज्यांनी सिकल सेलची तपासणी घाईने सक्तीची केली, वाहक आणि रुग्ण यांत गल्लत झाली आणि धडधाकट वाहकांना नोकरी व विमा नाकारला गेला. सक्तीपेक्षा समजावणे आधी यावे, आणि तेही महाविद्यालयात, लग्नाचा विषय निघण्यापूर्वी, असे माझे मत आहे. आपले राज्य लहान आहे, २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम येथे सुरू झाला होता. अशा कामात पुढाकार घेणे आपल्याला नवे नाही.

आता केपेकरांच्या पुतण्याविषयी. नियमित रक्त आणि शरीरात साचणारे लोह बाहेर काढणारे औषध या दोन्ही गोष्टी वेळच्या वेळी झाल्या, तर ही मुले शाळेत जातात, शिकतात, नोकरी करतात, लग्न करतात. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. ते हृदयात, यकृतात, अंतःस्रावी ग्रंथींत साठते. रक्त देण्याचा दिवस कुणी चुकवत नाही, लोहाचे औषध मात्र चुकते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो. त्यासाठी सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि लहान वयात निकाल चांगले मिळतात. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिली मान्यता मिळाली, पण त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा आहे.

पुढच्या गर्भारपणाआधी या जोडप्याच्या जनुकांतील नेमका बदल शोधून ठेवणे अत्यावश्यक आहे. तो हाताशी असला, तर गर्भाच्या वारेचा अंश घेऊन साधारण अकराव्या-बाराव्या आठवड्यात निदान करता येते. मुंबईत परळला असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत या क्षेत्रातील काम दीर्घकाळ चालू आहे. निदानानंतर काय करायचे, हा निर्णय त्या दोघांचाच राहील आणि त्यात घरातील इतरांनी मत लादू नये.

केपेकर

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. माझ्यासारख्या चुलत नातेवाइकाला वाहक असण्याची शक्यता किती? आणि घरातील सर्वांनी एकत्र तपासणी करायचे ठरवले, तर तयारी काय करावी?

विज्ञानवाट

चुलतभावाकडे जनुक नक्की आहे. त्याच्या सख्ख्या भावंडांची शक्यता निम्मी. ते त्याच्या वडिलांकडून आले असण्याची शक्यता निम्मी, तसे असल्यास तुमच्या वडिलांकडे असण्याची पुन्हा निम्मी आणि त्यांच्याकडून तुम्हाला येण्याची निम्मी. म्हणजे तुमच्यासाठी सुमारे आठात एक. तपासणी करण्याइतकी ती नक्कीच मोठी आहे. तुमच्या वडिलांचे रक्त आधी तपासून ते वाहक नाहीत असे निघाले, तर या बाजूची काळजी तिथेच संपते.

रक्तपरीक्षक

उपाशी राहण्याची गरज नाही. हातातील शिरेतून थोडेसे रक्त घेतात, रक्तगणना आणि एचपीएलसी एकाच वेळी सांगावी. गेल्या तीन-चार महिन्यांत कुणाला रक्त चढवले असेल, तर ते आवर्जून सांगावे, कारण दात्याच्या रक्तामुळे निकाल बदलतो. बाळाचे निदान झाले तेव्हाच्या अहवालाची प्रत सोबत न्यावी. वहिनींच्या माहेरच्या भावंडांनाही त्याच वेळी कळवावे; त्यांनाही निम्मी शक्यता आहे आणि त्यांच्यात कुणी गर्भवती असेल, तर तिने चवथीपर्यंत थांबू नये, याच आठवड्यात तपासणी करून घ्यावी.